चकचकीत वांगी आणि तुळजाबाई

शेजारणीकडे वाटीभर साखर मागता येते, व्याह्याकडे दोन दिवसांसाठी गाडी मागता येते. पण भल्या सकाळी परक्याच्या दारात उभं राहून "तुमची लघवी द्या" म्हणायचं आणि त्या माणसाने ती हसतमुखाने बाटलीत भरून आणून द्यायची, ही विद्या फार थोड्यांना साधते. नागपुरात तांडापेठेत राहणाऱ्या तुळजाबाई धकाते यांना ती साधली होती. हसायचं काम नाही. त्यांच्याआधी या कामावर ठेवलेले दोन एमएस्सीवाले आठवड्याच्या आत पळून गेले होते, आणि एकाच्या मागे तर कुत्रं सोडलं होतं.

तुळजाबाई कोष्ट्याच्या. बाप हातमागावर, सासरा हातमागावर, नवरा गुलाबचंद पॉवरलूमवर, आणि त्या स्वतः लग्न होऊन आल्यापासून मागासाठी कांड्या भरत. एकेक करून माग बंद पडले तेव्हा गुलाबचंद ओट्यावर बसून उसासे टाकू लागला आणि तुळजाबाई चपला घालून बाहेर पडल्या. पोलिओचे डोस, मतदारांच्या याद्या, टाक्यांतल्या डेंग्यूच्या अळ्या. सरकारला आपल्या भागात जे जे मोजावंसं वाटलं ते ते त्यांनी पंचवीस वर्षं मोजलं. कोणाच्या घरात किती माणसं, कोणाची सून कोणाशी बोलत नाही आणि कोणाची टाकी दिवाळीशिवाय घासली जात नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. जीभ तिखट, पण लिहिलेलं चोख. अळी दिसली तर लिहायची, नाही दिसली तर नाही, मग टाकीवाला नगरसेवकाचा मेहुणा का असेना.

म्हणून शहरातल्याच सदर भागातल्या एका संशोधन संस्थेच्या डॉक्टर भैरवी यांनी त्यांना शोधून काढलं. शेतातल्या फवारणीच्या औषधाचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, ते या डॉक्टरीणबाई तपासत होत्या. कुही तालुक्यातले फवारणी करणारे चाळीस शेतकरी घ्यायचे, आणि त्यांच्याशी ताडून बघायला ज्यांनी जन्मात फवारणीच्या पंपाला हात लावला नाही असे शहरातले चाळीस जण घ्यायचे. प्रत्येकाची सकाळची पहिली लघवी, वीस प्रश्न आणि एक खेळ. खेळ म्हणजे भोकं पाडलेली एक फळी आणि लाकडी खुंट्या. घड्याळ लावून खुंट्या भोकांत बसवायच्या, त्यावरून बोटांची चलाखी कळते. शहरातले चाळीस कुठून आणायचे, हे डॉक्टरीणबाईंनी तुळजाबाईंवर सोडलं, आणि तुळजाबाईंनी लांब कशाला जावं? त्यांनी आपल्याच गल्लीतले चाळीस धरले.

कुहीकडच्या पुरुषांनी खुंट्यांची पैज लावली. तांडापेठेतल्या म्हाताऱ्या विणकरांनी त्या इतक्या झपाझप बसवल्या की डॉक्टरीणबाईंना वाटलं घड्याळच बिघडलं.

वीस प्रश्नांची गंमत निराळी. मंगळवारी स्कूटीला बर्फाची पेटी बांधून तुळजाबाई कुहीकडे जात, आणि फवारणी करणाऱ्या माणसाला विचारत, "चक्कर येते का जी?"

"कोणाले, मले? नाही जी."

मग दाराआडून बायकोचा आवाज येई, "परवाच्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर पडले होते, ते मंग कोण होतं?"

तुळजाबाई बायकोचं उत्तर लिहीत. हात थरथरतात का, डोळे चुरचुरतात का, वस्तू कुठे ठेवली ते विसरता का, सगळ्याला पुरुषांचं एकच उत्तर, नाही. औषध बाधतं असं कबूल करणं म्हणजे अंगात दम नाही असं कबूल करणं. त्यामुळे कागदावर पुरुषाचं नाव आणि त्यापुढे त्याच्या बायकोची माहिती, असे चाळीस फॉर्म तयार झाले. आजवर एवढे खरे फॉर्म कोणी भरले नसतील.

आता वांग्यांकडे येऊ. कामावर घेताना डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर सही घेतली होती की अभ्यासातल्या माणसांकडून काहीही घ्यायचं नाही. हा नियम ज्याने केला तो कुहीकडे कधी गेला नसणार. पहिल्याच मंगळवारी चंपतराव नावाच्या शेतकऱ्याने स्कूटीच्या हुकाला वांग्यांची पिशवी अडकवली. जांभळीगर्द, ताठ देठांची, तोंड दिसेल इतकी चकचकीत वांगी, कुठे नखाएवढं भोक नाही.

"नको जी, आमाले घेता येत नाही," तुळजाबाई म्हणाल्या.

"काहून? आमच्या घरचं चालत नाही का तुमाले?"

आता याला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा. तुळजाबाईंनी पिशवी घेतली. दर मंगळवारी घेतली. घरी आल्यावर गुलाबचंदपुरती ठेवून बाकीची त्यांनी चाळीस जणांच्या घरी वाटून टाकली, आणि मनाशी म्हटलं, मी घेतलं कुठं, नुसतं इकडचं तिकडं नेलं. त्यांना स्वतःला वांग्याने खाज सुटते, त्यामुळे पोटात तर एक फोडही गेली नव्हती. मन साफ होतं. वर फायदा असा झाला की जी दारं बाटलीला उघडत नव्हती ती वांग्याला उघडली. मंगळवारी वांगी आली की बुधवारी बाटली द्यायची, हे गल्लीला न सांगता कळलं. शेजारच्या धनश्रीला सातवा महिना होता आणि तिला भरल्या वांग्यांचे डोहाळे लागले होते. तिच्यासाठी तुळजाबाई पिशवीतली सगळ्यात देखणी चार निवडून ठेवत. चाळीसपैकी एकानेही नकार दिला नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली, तेव्हा तुळजाबाई मान खाली घालून हसल्या. खोटं त्या बोलल्या नाहीत. वांग्यांबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

ऑक्टोबरात तपासणीचा अहवाल आला आणि सदरहून बोलावणं आलं.

डॉक्टरीणबाई नागपुरातल्या जुन्या महाल भागातल्या. त्यांच्या घराण्याने भोसल्यांच्या राज्यात दप्तरं सांभाळली होती, आणि ते रक्त अजून गेलं नव्हतं. टेबलावरचा कागद तिरपा झाला तरी त्यांना बोलणं सुचत नसे. त्यांनी कागद सरळ केला आणि म्हणाल्या, "तुळजाबाई, तांडापेठेतल्या चाळीसपैकी अडतीस जणांच्या लघवीत फवारणीच्या औषधाचा अंश निघालाय. कुहीच्या निम्म्या लोकांत निघाला तेवढाच."

"बाप्पा! तांडापेठेत कोण फवारून राहिलं जी?"

"तेच मला विचारायचंय." डॉक्टरीणबाईंनी बाटल्यांची यादी पुढे सरकवली. "बाटल्या तांडापेठेतच भरल्या होत्या ना?"

तुळजाबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा कानशिलं तापली. म्हणजे यांना वाटत होतं की फिरायचा कंटाळा म्हणून तुळजाबाईंनी कुहीतच दोन-दोन बाटल्या भरून घेतल्या आणि अर्ध्यांवर तांडापेठेचे नंबर टाकले. दुसऱ्या एका अभ्यासात कोणीतरी तसं केलं होतं म्हणे.

"पुढच्या सोमवारी समितीची बैठक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर कारण सापडलं नाही तर शहरातले सगळे नमुने बाद होतील. आणि तुमच्या नावापुढे मला काहीतरी लिहावं लागेल."

नमुने बाद होण्याचं दुःख तुळजाबाईंना झालंच, पण ते 'काहीतरी' त्यांच्या छातीत जाऊन बसलं. अख्खं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या नावापुढे खरं तेच लिहिलं होतं, आणि आता त्यांच्या नावापुढे काय लागणार, तर खोट्या लघवीवाली. तांडापेठेत असली गोष्ट तीन पिढ्या पुरते. नातवंडांच्या लग्नातसुद्धा कोणीतरी ती काढल्याशिवाय राहणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीत औषध हुडकू लागल्या. झुरळं मारायचा खडू कोण ओढतं, डासांची अगरबत्ती कोण लावतं, महापालिकेची धुराची गाडी कधी येऊन गेली, गव्हात कोणी गोळ्या टाकल्या का. त्यांनी चाळीसही जणांची स्वयंपाकघरं पालथी घातली. दोघींशी भांडण झालं. हाती काही लागलं नाही, कारण एका घरात खडू होता तर दुसऱ्यात नव्हता, आणि औषध मात्र दोन्ही घरांत निघालेलं. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. अडतीस जणांत काय सारखं आहे ते कळत नाही ना, मग जे दोघं स्वच्छ निघाले त्यांच्यात काय वेगळं आहे ते बघू.

ते दोघं म्हणजे धनश्रीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे विश्वनाथराव आणि त्यांची बायको चारुलताबाई. विश्वनाथराव कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, नोंदी सुटल्या नाहीत. रोज कोणती भाजी झाली हेसुद्धा ते डायरीत लिहीत. तुळजाबाईंनी विचारताच त्यांनी आनंदाने डायरी उघडली. इतक्या वर्षांत ती कोणी मागितली नव्हती.

"दोडका, कारलं, पडवळ, दोडका..." ते वाचू लागले.

"अन् वांगे?"

"चातुर्मासात? आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. आमच्याकडे पणजोबांपासून आहे."

"मंग मी दर मंगळवारी आणून देत होती, ते कुठी गेले?"

विश्वनाथरावांनी डायरीत डोकं घातलं. चारुलताबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमचं मन कसं मोडायचं, तुळजाताई? घेत होतो आम्ही. खाली धनश्रीला देत होतो. तिला डोहाळे लागलेत ना."

तुळजाबाई तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. अडतीस घरांनी वांगी खाल्ली होती आणि दोन माणसांनी खाल्ली नव्हती. तरी मन मानेना. चंपतराव हाडाचा शेतकरी, स्वतःच्या घरी शिजतं तेच त्याने दिलं असणार. स्वतःच्या लेकराबाळांना तो कशाला औषध चारेल?

दुसऱ्या दिवशी, मंगळवार नसताना, त्या कुहीकडे गेल्या. चंपतराव शेतात होते. त्यांची सून भारती ओसरीत विळीवर वांगी चिरत होती, आणि चिरता चिरता प्रत्येकातली अळी विळीच्या टोकाने काढून कोंबड्यांपुढे टाकत होती. तुळजाबाई बघतच राहिल्या. एवढीशी, वाकडीतिकडी, भोकांची वांगी.

"हे कोणते वांगे व्हय वं?"

"घरचे जी. परसातल्या दोन ओळी. यायच्यावर फवारा नाही मारत आमी, खायचे असतात ना."

"अन् मले देत होते ते?"

"ते वावरातले, मार्केटचे." भारतीने आश्चर्याने वर बघितलं. "तुमाले किडके कसे देऊ, ताई? पाहुण्याच्या पिशवीत एक जरी किडकं वांगं गेलं असतं, तर मामाजींनी मले घरात ठेवलं नसतं."

तेवढ्यात चंपतराव आलेच. बाई अवचित आलेल्या बघून ते बिचारे ओशाळले. "आज कायले आल्या जी? सांगायचं तरी. मंगळवारी तुमी येता म्हणून मी सोमवारी खास तुमच्यासाठी डबल डोस मारत असतो. त्या कोपऱ्यातल्या पाच-सहा ओळी तुमच्याच नावाच्या. अळीची काय बिशाद."

तुळजाबाईंना रडावं की हसावं कळेना, आणि खरं सांगायचं तर त्यांनी दोन्ही केलं. हा भला माणूस पाठीवर पंप लटकवून, दर सोमवारी स्वतः चक्कर खाऊन, त्यांच्या मानपानासाठी वांग्यांना औषधाने न्हाऊ घालत होता. आणि त्या ती वांगी वीस कोस वाहून नेऊन स्वतःच्या हाताने घरोघर घालत होत्या, जिथे औषध नाही म्हणून निवडलेली ती घरं. नवऱ्याला घातली. पोटुशी पोरीला निवडून, दुप्पट घातली. त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, तोंड धुतलं आणि सगळं चंपतरावांना सांगितलं. चंपतराव खाटेवर बसले.

"मले वाटलं मी इज्जत करून राहिलो," ते एवढंच म्हणाले.

"केलीच ना जी. जास्त केली."

निघताना त्यांनी किडकी चार वांगी मागून घेतली, आणि वावरातली चकचकीत चार.

घरी गुलाबचंदने ऐकून घेतलं आणि ओट्यावरून सल्ला दिला, "तोंड उघडू नको. वांग्याचं नाव काढलं तर नियम मोडला म्हणून काढून टाकतील. त्यापरीस म्हण, धुराच्या गाडीनं झालं असंल."

"धुराची गाडी गणपतीपासून आली नाही. खोटं कशी लिहू?"

"लिहू नको. नुसतं म्हण."

तुळजाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून पाणी भरायला गेला, आणि ते काम त्याने चौदा वर्षांत केलं नव्हतं.

सोमवारी बैठकीच्या तासभर आधी त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या सरळ रेषेतल्या कागदांवर आठ वांगी मांडली. चार किडकी, चार चकचकीत. आणि पहिल्या पिशवीपासून सगळं सांगितलं. सही केली तेसुद्धा, आणि सही करूनही पिशवी घेतली तेसुद्धा. डॉक्टरीणबाई कागदाचं भान विसरून ऐकत होत्या. चंपतरावांचा डबल डोस आला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा आकडा एवढा वर का, तेही कळलं." मग त्यांनी तुळजाबाईंकडे बघितलं.

"तुम्ही काय केलंत, कळतंय का तुम्हाला?"

"घरोघरी जहर वाटलं."

"जहर म्हणू नका. हा अंश चार-आठ दिवसांत शरीरातून निघून जातो. कोणी लगेच आजारी पडेल असं नाही. पण त्या लोकांना कळवावं लागेल." त्यांनी एक वांगं उचलून निरखलं. "खोटेपणाचं जे मी बोलले, ते मागे घेते. नियम मोडलात, ते मात्र लिहीन, आणि त्याचं काय करायचं ते समिती ठरवेल. लोकांना ऑफिसकडून पत्र पाठवते. तुमचं नाव त्यात नसेल. नवे चाळीस दुसऱ्या पेठेतून घेऊ."

सुटका म्हणतात ती हीच. तुळजाबाईंना एक शब्दही बोलायची गरज नव्हती, आणि त्या गप्प बसल्या असत्या तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती.

"पत्र कोण वाचते जी आमच्याकडं?" त्या म्हणाल्या. "वांगे मी नेले, सांगायलेबी मीच जाईन. सांगितल्यावरबी जे बाटली देतील, तेच तुमचे चाळीस."

समितीने ताकीद देऊन त्यांना ठेवलं, आणि पंधरा दिवस वांगी बंद करून नमुने पुन्हा घ्यायचे ठरवलं. आता दारोदार फिरायचं होतं, आणि या वेळेस हातात पिशवी नव्हती. कोणी हसलं. कोणी म्हणालं, तरीच म्हटलं एवढी चकचकीत कशी. सख्ख्या जावेने दार लावून घेतलं आणि आतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. गल्लीच्या तोंडावरच्या भाजीवाल्याचं डोकं फिरायची वेळ आली, कारण अभ्यासाबाहेरच्या बायासुद्धा टोपलीतलं एकेक वांगं उलटंपालटं करून भोक शोधत, आणि नाही सापडलं की नाक मुरडून निघून जात. "किडका माल मी ठेवत नाही," असं तो बिचारा शपथेवर सांगत होता.

सदतीस घरं झाली. विश्वनाथरावांनी तर वांगी खाल्लीच नव्हती. राहिली धनश्री. भिंतीला भिंत लागून तिचं घर, आणि तुळजाबाई तीन दिवस तिच्या दारावरून खाली बघत गेल्या. कधी म्हणत, झोपली असेल. कधी म्हणत, आता स्वयंपाक करत असेल. पंचवीस वर्षं लोकांची दारं वाजवणाऱ्या बाईला एक दार वाजवता येईना. चौथ्या दिवशी सकाळी त्या मन घट्ट करून आत गेल्या, आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. चारुलताबाईंच्या वाटणीचंसुद्धा.

धनश्री पोटावर हात ठेवून ऐकत होती. झाल्यावर तिने एकच विचारलं.

"बाळाले काही होईल का, मावशी?"

काही नाही होत वं, असं म्हणायला तुळजाबाईंची जीभ उचललीसुद्धा होती. कुहीतल्या सगळ्या पुरुषांनी त्यांना हेच तर ऐकवलं होतं.

"मले माईत नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेक नाही. पक्कं त्यायलेबी माईत नाही, म्हणूनच तर हा अभ्यास चालू आहे. उद्या तुले तपासून घेणार आहेत. मी येतो तुझ्यासंगं." मग त्यांनी मान वर केली. "चुकलं माझं, बाई."

धनश्रीने त्यांच्यापुढे पाट सरकवला. मग म्हणाली, "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. साऱ्या गल्लीनं येऊन येऊन सांगितलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी स्वतःहून येता का नाही, ते पाहून राहिली होती." तिने हात पुढे केला. "द्या बाटली."